विश्लेषण : शिबिरात कॅमेरा, कॅमेऱ्यात कपात... ‘हार्ड नॉक्स’वरून चाहते इतके का भांडतात?

ऑगस्ट २०१८. क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बैठकीच्या खोलीत कार्ल नॅसिब नावाचा धिप्पाड बचावपटू फळ्यासमोर उभा राहून सहकाऱ्यांना चक्रवाढ व्याज समजावून सांगतो. पैसा गुंतवला तर तो किती वर्षांत दुप्पट होतो, त्याचे गणित. समोर बसलेले विशीतले तरुण हसतात, शंका विचारतात, काही जण मान डोलावतात. ‘हार्ड नॉक्स’ या मालिकेतला हा प्रसंग अमेरिकेत प्रचंड गाजला. सराव आणि धडपड सोडून लोक या ‘शिकवणी’बद्दल बोलू लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १ सप्टेंबरला, ब्राउन्सने नॅसिबला संघातून काढून टाकले. दुसऱ्या दिवशी टॅम्पा बे बकनिअर्सने त्याला घेतले आणि त्या हंगामात तो तिथे चांगला खेळला.

दरवर्षी ऑगस्टमध्ये या मालिकेवर चाहत्यांची जी चर्चा रंगते, तिचा सगळा पीळ या एका घटनेत सापडतो. पडद्यावर लाडका झालेला माणूस संघाच्या हिशेबात कुठे उभा असतो, हे प्रेक्षकाला कळत नाही. मग जे दाखवले जाते ते कितपत खरे, आणि ते कोणाच्या सोयीने दाखवले जाते, हा वाद सुरू होतो.

काय आहे ही मालिका?

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा खेळ नव्हे. हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड घालून, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा हा अमेरिकन फुटबॉल. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे ‘नॅशनल फुटबॉल लीग’ अर्थात एनएफएल. त्यात ३२ संघ आहेत. हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि त्याआधी जुलैअखेरपासून प्रत्येक संघाचे प्रशिक्षण शिबिर भरते.

‘हार्ड नॉक्स’ २००१ मध्ये एचबीओ वाहिनीवर सुरू झाली. पहिला संघ होता त्या वेळचा विजेता बाल्टिमोर रेव्हन्स. २००२ मध्ये डॅलस काउबॉइज झाले, मग काही वर्षे खंड पडला आणि २००७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सपासून मालिका परतली. पद्धत साधी आहे. एक संघ निवडायचा, त्याच्या मैदानावर, बैठकांत, जेवणाच्या टेबलावर, प्रशिक्षकाच्या केबिनमध्ये कॅमेरे लावायचे आणि शिबिर चालू असतानाच दर आठवड्याला तासाभराचा भाग दाखवायचा. शेकडो तासांचे चित्रण काही दिवसांत कापून जोडावे लागते. अभिनेता लीव श्रायबर यांचा घनगंभीर आवाज या मालिकेची ओळखच बनला आहे.

शिबिरात पणाला काय लागलेले असते?

शिबिरात ९० खेळाडू येतात आणि हंगामासाठी ५३ उरतात. म्हणजे एका संघातून ३७ जण बाहेर. ३२ संघांचा हिशेब केला तर जवळपास १२०० जण, आणि २०२३ पासून ही मोठी कपात टप्प्याटप्प्याने न होता एकाच अंतिम मुदतीला होते.

पैशांच्या भाषेत ही दरी किती खोल आहे ते पाहण्यासारखे आहे. २०२४ मध्ये नव्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ७ लाख ९५ हजार डॉलर होता, रुपयांत साडेसहा कोटींहून अधिक. पण हा पगार हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यागणिक मिळतो. शिबिराच्या काळात मिळतो तो फक्त ठरावीक भत्ता. तळाच्या खेळाडूंच्या करारात पगाराची हमी नसते, त्यामुळे ऑगस्टअखेरीस काढलेल्याच्या हाती करारातला तो मोठा आकडा पडत नाही. काढलेल्यांपैकी काहींना १६ जणांच्या राखीव सराव संघात जागा मिळते. तिथे २०२४ मध्ये आठवड्याला किमान साडेबारा हजार डॉलर मिळत. वाईट नाही, पण मुख्य संघातल्या नवख्याच्या आठवड्याच्या कमाईच्या तुलनेत हे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

म्हणून मालिकेचे खरे नायक कधीच कोट्यवधींचे करार असलेले तारे नसतात. सहाव्या-सातव्या फेरीत निवडलेला किंवा कोणीच न निवडलेला, आई-वडिलांना फोनवर ‘सगळं ठीक चाललंय’ म्हणून सांगणारा मुलगा चाहत्यांना भावतो. २०२२ मध्ये डेट्रॉइट लायन्सच्या पर्वात सहाव्या फेरीतला माल्कम रॉड्रिग्ज असाच पुढे आला आणि थेट पहिल्या पसंतीच्या संघात पोहोचला. त्या पर्वातले प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल खेळाडूंसोबत स्वतः कसरती करायचे. डेट्रॉइटशी काडीचा संबंध नसलेले लोक त्या उन्हाळ्यात लायन्सचे चाहते झाले. हंगामाची सुरुवात १ विजय, ६ पराभव अशी झाली, तेव्हा ‘टीव्हीवरची भाषणं सामने जिंकून देत नाहीत’ अशी टिंगल झाली. शेवटी संघाने ९-८ अशी मजल मारली आणि पुढच्या वर्षी तो उपान्त्य टप्प्यापर्यंत गेला.

कॅमेरा कोणाच्या मालकीचा?

हा प्रश्न नव्या प्रेक्षकाला सहसा पडत नाही, जुन्यांना दर वर्षी पडतो. मालिका बनवते ‘एनएफएल फिल्म्स’ आणि ही कंपनी लीगच्याच मालकीची आहे. एड सॅबोल यांनी १९६२ च्या अंतिम सामन्याच्या चित्रणापासून सुरू केलेले हे काम पुढे लीगने स्वतःकडे घेतले. संथ गतीतला उडणारा चेंडू, वाद्यवृंदाचे संगीत, प्रशिक्षकाच्या कपड्यात लपवलेला माइक, अमेरिकन फुटबॉल पडद्यावर कसा दिसावा हे याच कंपनीने ठरवले. शिवाय प्रत्येक भाग दाखवण्याआधी संघ तो पाहतो. डावपेच प्रतिस्पर्ध्यांना कळू नयेत, हे त्याचे अधिकृत कारण.

थोडक्यात, ही पत्रकारिता नाही. म्हणून ती खोटी ठरते, असेही नाही. चाहत्यांच्या वादात ही दोन टोके हमखास भेटतात आणि दोन्ही अपुरी आहेत. काय गाळायचे हे मालकाच्या हातात आहे हे खरेच. पण मालकालाही पुढे काय होणार हे ठाऊक नसते, आणि मालिका अनेकदा तिथेच फसते किंवा तरते.

२०१६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचे प्रशिक्षक जेफ फिशर यांनी कॅमेऱ्यासमोर खेळाडूंना ठणकावले, की यंदा ७-९ अशी मध्यम कामगिरी चालवून घेणार नाही. ती कामगिरी झालीच नाही. डिसेंबरमध्ये संघ ४-९ वर असताना फिशर यांनाच काढण्यात आले, आणि ते भाषण आजही विनोद म्हणून फिरते.

याहून मोठी फजिती न्यू यॉर्क जायंट्सची झाली. २०२४ मध्ये मालिकेने प्रथमच शिबिराऐवजी त्याआधीचे महिने, म्हणजे करार आणि खरेदी-विक्रीचा काळ दाखवला. कॅमेरा थेट महाव्यवस्थापक जो शोन यांच्या दालनात. संघाचा लाडका धावपटू सेक्वॉन बार्कली याला किती किंमत द्यायची याची चर्चा प्रेक्षकांनी जशीच्या तशी ऐकली. बार्कली कट्टर प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाकडे गेला तर आपल्याला झोप लागणार नाही, असे संघमालक जॉन मारा शोन यांना सांगताना दिसले. बार्कली फिलाडेल्फियाकडेच गेला. त्या हंगामात त्याने २००५ यार्ड धावून काढले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला. जायंट्स ३-१४ वर राहिले. मालिका जुलैमध्ये दाखवली गेली तेव्हा यातले काहीच घडलेले नव्हते. संघाने ते दृश्य जाऊ दिले, कारण तेव्हा त्यात लपवण्यासारखे काही नाही असेच वाटले असणार.

संघ या मालिकेपासून का पळतात?

उत्तर वरच्या दोन उदाहरणांतच आहे. स्वेच्छेने पुढे येणारे कमी झाल्यावर २०१३ मध्ये लीगने सक्तीचा नियम केला. त्या नियमानुसार मुख्य प्रशिक्षक नवा असेल, मागच्या दोन हंगामांत संघ बाद फेरीत गेला असेल किंवा दहा वर्षांत मालिकेत झळकला असेल, तरच सुटका होत असे. बाकीच्यांवर लीग बोट ठेवू शकत असे. २०२३ मध्ये असे बोट न्यू यॉर्क जेट्सवर पडले. त्यांना ते नको होते, आणि मालिका आपल्यावर लादली गेली असे नव्याने आलेल्या आरोन रॉजर्सने उघड बोलून दाखवले. लीगला मात्र रॉजर्सच हवा होता. पाच भाग उत्साहात गेले. ११ सप्टेंबरला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, चौथ्याच डावाला रॉजर्सच्या टाचेचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि हंगाम त्याच्यापुरता तिथेच संपला.

मग ‘हार्ड नॉक्सचा शाप’ हा विषय पुन्हा निघाला. यात फार तथ्य नाही. बाद फेरीत न जाणाऱ्या संघांतूनच निवड होत असे, तेव्हा पुढच्या वर्षीही त्यांतले बरेच हरणारच. २०१० मध्ये जेट्स उपान्त्य टप्प्यात पोहोचले होते, २०१३ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने ११ सामने जिंकले. ते कोणी आठवत नाही.

इतर खेळांत काय चालते?

अशा मालिकांचे पीक आता सगळीकडे आहे. फॉर्म्युला वनच्या ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’मध्ये वैर नसताना वैर रंगवले जाते, या तक्रारीवरून मॅक्स व्हेर्स्टापेन काही काळ त्या मालिकेपासून दूर राहिला. भारतात नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये मुंबई इंडियन्सवर आठ भागांची मालिका आणली, ती २०१८ च्या आयपीएल हंगामावर होती. तो हंगाम मुंबईने पाचव्या स्थानावर संपवला. पण क्रिकेटमध्ये कोण राहणार आणि कोण जाणार याचा मोठा फैसला लिलावात आणि त्याआधीच्या याद्यांत होतो. बंद दाराआड एखाद्याला समोर बसवून ‘तू नाहीस’ सांगण्याचा प्रसंग आपल्या प्रेक्षकाने पडद्यावर क्वचितच पाहिला असेल.

कपातीच्या दृश्यांवरून वाद का?

‘हार्ड नॉक्स’ची ओळख मात्र त्याच प्रसंगावर उभी आहे. संघाचा एक कर्मचारी सकाळी खेळाडूला गाठतो आणि सांगतो, की कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. फुटबॉलच्या बोलीत या माणसाला ‘टर्क’ म्हणतात. प्लेबुक मागितले की खेळाडू समजून चुकतो. खोलीत दोन मिनिटांचे संभाषण, हस्तांदोलन, सामान भरलेली पिशवी. सोशल मीडियामुळे बातमी बहुधा आधीच फुटलेली असते. कोण गेला हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तो पाहतो ते त्याला कसे सांगितले गेले आणि त्याने ते कसे घेतले, एवढेच.

२०१२ मधले मायामी डॉल्फिन्सचे दृश्य अनेकांना आजही आठवते. वॉन्टे डेव्हिस या खेळाडूला दालनात बोलावून सांगितले जाते, की तुला इंडियानापोलिसला दिले आहे. तो सुन्न होतो आणि विचारतो, आजीला फोन करू का? डेव्हिस तोवर व्यावसायिक खेळाडू म्हणून तीन वर्षे खेळलेला होता, पुढे इंडियानापोलिसमध्ये त्याचे चीज झाले. पण त्या क्षणी तो एक घाबरलेला मुलगा होता आणि कॅमेरा चालू होता.

चाहत्यांत यावर सरळ दोन तट आहेत. एकांचे म्हणणे, कुणाची नोकरी जाताना पाहणे ही करमणूक नव्हे, ते दाखवू नये. दुसऱ्यांचे म्हणणे, हे काढले तर मागे उरते ती संघाची जाहिरात. अलीकडच्या पर्वांत अशी दृश्ये कमी झाल्याची तक्रार दुसऱ्या तटाकडून सतत होते.

दुसऱ्या बाजूचे पारडे जड वाटते, पण एका अटीवर. मालिकेला होकार लीग आणि संघ देतात. ताऱ्याला ‘माझ्या घरी कॅमेरा नको’ म्हणता येते. ज्याच्या पगाराची हमी नाही आणि ज्याला उद्या दुसऱ्या संघाच्या दारात उभे राहायचे आहे, तो नकार कशाच्या बळावर देणार? ते दृश्य दाखवायचे की नाही हे काढलेल्या खेळाडूने ठरवावे, संघाने नव्हे, अशी मागणी चाहत्यांच्या वादात फारशी ऐकू येत नाही. तिथे भांडण असते ते आपल्याला काय पाहायला मिळावे यावर.

आणि मालिका जिथे थांबते तिथे गोष्ट थांबत नाही. कपातीनंतरच्या २४ तासांत इतर संघ काढलेल्यांपैकी अनेकांवर हक्क सांगू शकतात. ती मुदत संपली, की जुनाच संघ त्यातल्या काहींना सराव संघात परत बोलावतो. आदल्या दिवशी डोळे पुसत बाहेर पडलेला खेळाडू दोन दिवसांनी त्याच मैदानावर, कमी पगारात, कधी कधी नव्या क्रमांकाची जर्सी घालून उभा असतो. तोवर कॅमेऱ्यांची आवराआवर सुरू झालेली असते.