‘राज़ी’ व्हायला नकार देणारा मुसलमान कुठं आहे?

मे २०१८मध्ये ‘राज़ी’ प्रदर्शित झाला, त्याच आठवड्यात मी तो ऑफिसातल्या एका मित्रासोबत पुण्यात पाहिला. बाहेर पडून चहा घेताना मित्र भारावून म्हणाला, “यार, सगळे मुसलमान सेहमतसारखे असते तर प्रश्नच मिटला असता!” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो माझ्याशी आपुलकीनंच बोलत होता. मीही हसलो आणि विषय बदलला. ते हसणं मला आजही खटकतं. म्हणून हे लिहितोय.

मेघना गुलज़ार यांचा हा चित्रपट हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ (२००८) या कादंबरीवर बेतलेला आहे. कथा १९७१ची. काश्मीरचे हिदायत खान भारतासाठी हेरगिरी करतात. असाध्य आजारानं आयुष्य संपत आलेलं असताना ते आपलं काम विशीतल्या मुलीवर, दिल्लीत शिकणाऱ्या सेहमतवर सोपवतात. पाकिस्तानी ब्रिगेडियर सय्यद या आपल्या मित्राच्या धाकट्या मुलाशी, इक़बालशी तिचा निकाह लावून ते तिला सीमेपलीकडे पाठवतात. ती तिथून बातम्या पुरवते आणि ‘आयएनएस विक्रांत’वरच्या हल्ल्याचा बेत उघड करते. त्यासाठी ती म्हाताऱ्या नोकराला, अब्दुलला गाडीखाली चिरडते आणि थोरल्या दिराला विष घालते. शेवटी इक़बालही मारला जातो.

चित्रपट चांगला आहे, हे आधीच मान्य करतो. आलिया भटचा अभिनय थक्क करणारा आहे. पाकिस्तानी घरातली माणसं इथं सुरमा घातलेले राक्षस नाहीत. सासरा प्रेमळ आहे, नवरा समंजस आहे. सेहमत लष्करी शाळेतल्या मुलांना ‘ऐ वतन’ शिकवते तो प्रसंग तर अप्रतिम आहे. एकच गाणं, पण मुलांच्या मनात एक देश आणि शिकवणारीच्या मनात दुसरा. गाण्याला इक़बाल यांच्या मुलांसाठीच्या प्रसिद्ध दुआचीही जोड आहे.

समीक्षकांनी याच गोष्टींचं कौतुक केलं. छाती न बडवणारी देशभक्ती, आरडाओरडा नसलेला राष्ट्रवाद, असं लिहिलं गेलं. देशात शंभर कोटींच्या पुढं कमाई झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले. दुसऱ्या बाजूला मूळ लेखक सिक्का यांनी बदललेल्या शेवटावर जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे एका गटाला चित्रपट संयमी वाटला, तर दुसऱ्याला देशभक्तीत कमी पडलेला. माझी तक्रार दोघांबद्दल आहे. आवाज किती मोठा हवा, यावर दोन्हीकडून चर्चा झाली. प्रश्न कोणाला विचारला जातोय, यावर झाली नाही.

जरा नावांकडे पाहू. चित्रपटाचं नाव ‘राज़ी’, नायिकेचं नाव सेहमत, म्हणजे सहमत. दोन्हींचा अर्थ संमती. पण ही संमती घेतली कशी? ती घरी येण्याआधीच बापानं सगळं ठरवलेलं आहे. लग्न ठरलंय, मिशन ठरलंय, बाप मरणाच्या दारात आहे. अशा वेळी विशीतली मुलगी ‘हो’ म्हणते, त्याला संमती म्हणायचं का? इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. मुलीच्या रज़ामंदीशिवाय तो पूर्ण होत नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. इथं तोच निकाह हेरगिरीचं हत्यार बनतो. आणि पलीकडं इक़बाल ‘क़ुबूल है’ म्हणतो, तेव्हा तो काय कबूल करतोय हे त्याला ठाऊकच नसतं.

चित्रपटाला ही किंमत कळते, हे त्याचं मोठेपण आहे. सेहमतला प्रशिक्षण देणारा खालिद मीर तिलाही संपवायला तयार असतो, हे समजल्यावर ती कोसळते. पोटातलं बाळ पाडायला नकार देते, आणखी एक खून नको म्हणते. तिचा खरा नकार एवढाच. पण तोही पुढं देशाच्याच खात्यात जमा होतो. मुलगा मोठा होऊन संरक्षण दलात अधिकारी होतो. आजोबा, बाप, मुलगी, नातू. चार पिढ्या देऊनही हिशेब चुकता होत नाही.

आता निर्मितीतला एक तपशील पाहा. यातलं पाकिस्तान बरंचसं भारतीय पंजाबात चित्रित झालं. पटियाला, नाभा आणि मालेरकोटला. मालेरकोटला हे पंजाबातलं मुस्लिमबहुल शहर. १९४७मध्ये सगळा पंजाब पेटलेला असताना ते शांत राहिलं होतं. आणि पडद्यावर त्याच्या वाट्याला आलं पाकिस्तान! चित्रीकरणाची सोय असते, हे मला कळतं. पण ज्यांच्या मोहल्ल्यांना उठता-बसता ‘मिनी पाकिस्तान’ म्हटलं जातं, त्यांना त्यातली गंमत पटकन उमगत नाही.

आपल्या हेरपटांत मुसलमानाला दोनच जागा आहेत. एक शत्रूची, दुसरी शत्रूला मारून दाखवणाऱ्याची. २०२३च्या ‘पठाण’मध्ये तिसरी जागा मिळेल असं वाटलं होतं. पण तो नायक सिनेमागृहात टाकून दिलेलं अनाथ बाळ निघतो. त्याला धर्मच ठाऊक नाही. आईबाप, मोहल्ला, मशीद असलेला साधा मुसलमान, जो कुणाला मारत नाही, कर भरतो आणि निष्ठेचा दाखला देत नाही, तो या कथांत सापडत नाही.

दोष फक्त चित्रपटवाल्यांचा नाही. १५ ऑगस्ट आला की आपणच व्हॉट्सॲपवर याद्या फिरवतो. ब्रिगेडियर उस्मान, वीर अब्दुल हमीद. ही माणसं थोरच होती. पण ते लढले ते सैनिक म्हणून, माझ्या चारित्र्याचा दाखला म्हणून नव्हे. माझी भाची तिच्या शाळेत ‘ऐ वतन’ सुंदर गाते. तिनं ते जरूर गावं, पण आवडतं म्हणून. कुणीतरी बघतंय म्हणून नव्हे.

‘राज़ी’ पाहून माझ्या मित्राला सेहमत आदर्श वाटली. मला मात्र ती शेवटी रिकाम्या घरात एकटी बसलेली दिसते. नागरिक असायला एवढं उद्ध्वस्त व्हावं लागत नाही. संविधानानं ते नागरिकत्व मला बिनशर्त दिलंय, मित्राला दिलंय तसंच.

त्या दिवशी चहावर मी हसून वेळ मारून नेली. आज विचारशील तर सांगेन, मित्रा, सगळे मुसलमान सेहमतसारखे नाहीत. आणि तसे असण्याची अटही नाही. या अटीला मी राज़ी नाही.