पाठ पाहून पिशवी घ्यावी

गोदावरीपलीकडील निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा ही कन्या 25 मे 2014 रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. पुढे मे 2018 मध्ये पैनगंगेच्या पैलतीरावरील चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. अशी उदाहरणे शेजारीच घडल्यावर आपल्या आदिलाबादकडील मराठी घरांतूनही नेपाळच्या, क्वचित आफ्रिकेतील किलिमांजारोच्या मोहिमेच्या गोष्टी निघाव्यात, हे स्वाभाविक होय. परंतु बेत ठरला, की पाठीवरच्या सॅकचा प्रश्न उभा राहतो, आणि वडीलधाऱ्यांचे चटकन एकमत होते: घ्यायचीच तर सर्वांत मोठी घ्यावी, म्हणजे परमुलखात मुलांना कशाची वाण पडणार नाही. आमचे मत याहून वेगळे आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी पाठ पाहून पिशवी घ्यावी. सॅकवर लिटरचा आकडा असतो. पण त्याआधी पाठीची लांबी मोजली पाहिजे. मान पुढे झुकवली असता तिच्या मुळाशी जे हाड वर येते, तेथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत कण्यावर फीत धरावी. सारख्या उंचीच्या दोन बहिणींच्याही पाठी सारख्या नसतात. हे माप जुळले, तरच कमरपट्टा जागच्या जागी बसतो आणि बहुतेक भार कमरेच्या हाडांवरून पायांकडे जातो. न जुळल्यास सारे ओझे खांद्यांना ओढीत राहते.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात पाहण्याने काहीच कळत नाही. तीत दहाएक किलो वजन भरावयास सांगावे, आधी कमरपट्टा आवळावा, मग खांद्याचे पट्टे, आणि पाव तास चालून, जिना चढून-उतरून पाहावे. खांदे कुरकुरू लागले, तर ती सॅक आपली नव्हे.

आता लिटरचे. जड सामान हमाल किंवा याक वाहून नेणार असतील, तर दिवसाच्या वापरास 35 ते 40 लिटरची सॅक पुरते. तंबू, शिधा, सारे स्वतःच वाहायचे असेल, तर 60 ते 75 लिटरची लागते. नेपाळात लुक्ल्याला जाणाऱ्या लहान विमानात माणशी सुमारे 15 किलोच सामान घेतात, हेही ध्यानी असावे.

शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे, असे 2020 च्या केंद्रीय धोरणात म्हटले आहे. डोंगरातील अनेक दिवसांच्या चालीसाठी जाणकार पंचमांशाची मर्यादा सांगतात. म्हणजे 45 किलो वजनाच्या मुलीने 9 किलो वाहावे. त्यांतील सुमारे 2 किलो तर मोठ्या रिकाम्या सॅकचेच असतात!

आणि रिकामी जागा घरात रिकामी राहत नाही. आई लाडवांचा डबा घालते, आजी आणखी एक स्वेटर. हे प्रेमच होय; पण चढणीवर ते गुडघ्यांना भोगावे लागते, आणि मुलीला पेलेनासे झाले, की कोण्या गरीब हमालाच्या पाठीवर जाते. किलिमांजारोवर हमालाच्या ओझ्याला 20 किलोची मर्यादा घालावी लागली, याचा अर्थ आपण समजून घ्यावा.

म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे, की सॅक परस्पर आणून मुलीला भेट देऊ नये. हैदराबादला वा नागपूरला जावे लागले, तरी तिला बरोबर न्यावे आणि निवड तिच्या पाठीला करू द्यावी.