प्रमाणपत्रे वाढली, स्वाध्याय आटला

११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे मराठ्यांनी निजामअलीच्या फौजांचा पराभव केला. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि अखेर तह करणे भाग पडले. पेशव्यांच्या नेतृत्वाखाली शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन एकदिलाने उभे राहिल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. महाराष्ट्रातील प्रत्येक इतिहासप्रेमी कुटुंबाला तो ठाऊक असतो. मात्र या मोहिमेच्या काळातील मराठी राजकारण आज इतक्या तपशिलाने ज्ञात आहे, त्याच्या मागे कोणाचे कष्ट आहेत हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील हजारो पत्रे वाचून, निवडून, टिपणांसह प्रसिद्ध करण्याचे काम वासुदेवशास्त्री खरे यांनी केले. ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे एकामागून एक खंड त्यांच्या हातून सिद्ध झाले. १९२४ साली निवर्तलेले हे शास्त्रीबुवा मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक होते. दिवसा वर्गात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात मोडी कागदांशी झुंजायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यासाठी त्यांना ना पदोन्नती मिळणार होती, ना वेतनवाढ. शिक्षकाने अभ्यास करायचा असतो, एवढीच धारणा त्यामागे होती.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत स्वाध्याय आणि प्रवचन ही दोन कर्तव्ये जोडीने सांगितली आहेत. जो स्वतः शिकत राहतो त्यालाच शिकवण्याचा अधिकार, हा त्या जोडीचा अर्थ. आजच्या कला महाविद्यालयांत ही जोडी तुटली आहे काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

शासनाने या दिशेने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७पासून विद्यापीठांमधून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. नव्या अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी उजळणी वर्ग तेथे भरू लागले. पुढे या संस्थांचे नामांतर मानव संसाधन विकास केंद्रे असे झाले आणि २०२३मध्ये ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम’ सुरू होऊन त्यांना तिसरे रूप मिळाले. खेड्यातील अध्यापकाला काही आठवडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसता यावे, आपल्या विषयातील जाणत्यांशी बोलता यावे, हा मूळ हेतू अत्यंत योग्य होता. अनेकांना त्याचा लाभही झाला.

गाडी रुळावरून घसरली ती हेतू आणि हिशेब यांची गल्लत झाल्यामुळे. उजळणी वर्ग पदोन्नतीशी बांधले गेले. २०१०च्या नियमावलीने तर चर्चासत्रातील उपस्थिती, निबंधवाचन, प्रकाशित लेख या साऱ्यांना गुण लावले. मग गुणांसाठी चर्चासत्रे भरू लागली. उद्घाटनाला सभागृह भरलेले, दुपारच्या सत्रात रिकाम्या खुर्च्या, सायंकाळी प्रमाणपत्रांसाठी रांग, हे दृश्य सर्वपरिचित झाले. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. २०१८मध्ये नियम बदलले, परंतु लागलेली सवय नियमाबरोबर जात नाही. करोनाच्या काळापासून हे सारे संगणकाच्या पडद्यावर आले. अंतर मिटले, खर्च वाचला. पण पडद्यावर नाव झळकते आहे आणि माणूस दुसऱ्याच कामात आहे, हेही घडू लागले.

याचा सारा दोष अध्यापकांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत. त्यांचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापक ओढत असतात. ज्याला तासाप्रमाणे मानधन मिळते, त्याने तास बुडवून प्रशिक्षणाला जावे कसे? जे कायम सेवेत आहेत, त्यांचा बराचसा वेळ मूल्यांकनाच्या फायली, अहवाल आणि छायाचित्रे गोळा करण्यात जातो. अभ्यासाला सवड न देता अभ्यासाचा पुरावा मात्र मागितला जातो, ही खरी विसंगती आहे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाले आणि भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय पदवीच्या वर्गात आला. ज्यांनी ही मागणी दीर्घकाळ लावून धरली, त्यांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. पण अभ्यासक्रमात विषय येणे आणि वर्गात ज्ञान येणे यांत मोठे अंतर आहे. चार दिवसांच्या प्रशिक्षणातील तयार चित्रफिती वाचून दाखवणारा अध्यापक विद्यार्थ्याला अभिमानाची वाक्ये देईल. लीलावतीतील एखादे गणित सोडवून दाखवणार नाही, की कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील एखादे प्रकरण उलगडून सांगणार नाही. अभ्यासाविना उरलेला अभिमान पहिल्याच चिकित्सक प्रश्नापुढे कोसळतो. त्यात हानी होईल ती त्या विषयाची, आणि विरोधकांना त्यासाठी काही करावेही लागणार नाही.

मग उपाय काय? त्याचे एक उत्तर खर्ड्याच्याच तालुक्यात आहे. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला जमत, गावात आलेल्या अडचणी मांडत, नवे काही शिकत आणि परत जाऊन ते वापरत. १९७९मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कार्याचे मर्म सातत्यात होते. वर्षातून एकदा वर्ग भरवून कार्यकर्ता घडत नाही, त्याला नित्य संपर्क लागतो, हे संघटनेत काम करणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. अध्यापकाचेही तसेच आहे.

पुण्यात १९१०मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हेच केले. एकाने कागद वाचावा, इतरांनी शंका काढाव्यात, चूक असेल तर तिथेच दाखवावी, अशा सभांतून अभ्यासकांची पिढी उभी राहिली. खर्डा-जामखेड परिसरातील कला महाविद्यालयांनी असे करण्यास कोणाच्या अनुदानाची गरज नाही. पंधरा दिवसांतून एक दुपार, एका अध्यापकाचा निबंध आणि सहकाऱ्यांची मोकळी चर्चा एवढे पुरे. इतिहासाच्या अध्यापकाने किल्ल्यावर आणि घरोघरच्या मोडी कागदांवर बोलावे. याच तालुक्यातील चोंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या कारभारावर राज्यशास्त्राच्या अध्यापकाने मांडणी करावी. अर्थशास्त्राने ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, भूगोलाने दुष्काळ आणि पाणी, मराठीने इथली बोली व ओव्या हाती घ्याव्यात. पहिला निबंध प्राचार्यांनी वाचावा, म्हणजे इतरांना सबब उरणार नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्या दुपारचे मानधन संस्थेने द्यावे. मागच्या बाकांवर विद्यार्थ्यांना बसू द्यावे. आपले गुरुजन शंकेला कसे सामोरे जातात, हे पाहणे हेच त्यांचे मोठे शिक्षण ठरेल.

विद्यापीठाने आणि आयोगानेही प्रशिक्षणाच्या दिवसांइतकेच महत्त्व अशा नित्य अभ्यासाला द्यावे. पण त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. अनेक महाविद्यालयांच्या कार्यकारिणीवर समाजातील जाणती मंडळी बसलेली आहेत. इमारतीच्या मजल्यांबरोबर अध्यापकांच्या अभ्यासाचीही चौकशी त्यांनी बैठकीत करावी. पालकांनीही मुलाला प्रवेश घेताना शुल्क आणि वसतिगृह यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: येथील अध्यापकांनी या वर्षी स्वतः काय अभ्यासले? हा प्रश्न जिथे वारंवार विचारला जाईल, तिथे प्रमाणपत्रांच्या फायलीवर भागणार नाही.