कौल कोणाचा आणि कोणत्या प्रश्नावर?

वादग्रस्त प्रदेशाचा प्रश्न निघाला की, 'तेथल्या लोकांनाच विचारा' असा तोडगा कोणी ना कोणी सुचवितोच. लोकशाही मानणाऱ्या माणसाला तो नाकारणे अवघड जाते. राजांनी तहात प्रांत द्यावेत आणि घ्यावेत, तेथल्या रयतेने नवा झेंडा मुकाट्याने मान्य करावा, ही रीत शतकानुशतके चालत आली होती. तिला पहिला मोठा धक्का फ्रेंच राज्यक्रांतीने दिला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचा उच्चार केला, तेव्हा तर सीमांचे सर्व तंटे आता मतपेटीत मिटतील, अशी आशा युरोपात निर्माण झाली.

महाराष्ट्राला हा विषय केवळ पुस्तकी नाही. १९६७ साली गोव्यात झालेला जनमत कौल आणि १९५६ पासून रेंगाळलेला बेळगाव-कारवारचा सीमाप्रश्न हे दोन्ही अनुभव आपल्या जवळचे आहेत. सीमाभागात निवडणूक झाली की एक ठरावीक चर्चा सुरू होते. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडून आले तर 'लोकांनी कौल दिला' असे आपण म्हणतो. ते पडले तर 'प्रश्न संपला' असे पलीकडून सांगितले जाते. कर्नाटक विधानसभेच्या २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत समितीला एकही जागा मिळाली नाही. त्यामुळे या दुसऱ्या युक्तिवादाला जोर येणे स्वाभाविक होते. परंतु हे दोन्ही निष्कर्ष तर्काला सोडून आहेत, हे इतिहास तपासला म्हणजे ध्यानात येते.

मोजणीचा घटक

निर्देशांक कसा काढावा हे शिकविताना अर्थशास्त्राचा अध्यापक एक गोष्ट आवर्जून सांगतो: आकडे तेच असले तरी आधारवर्ष बदलले की उत्तर बदलते. सार्वमताचेही तसेच आहे. मते कोणी द्यावयाची आणि ती कोणत्या घटकानुसार मोजावयाची, हे आधी कोणीतरी ठरवावे लागते, आणि पुष्कळदा निकाल तेथेच निश्चित होतो.

डेन्मार्क आणि जर्मनी यांच्या सीमेवरील श्लेस्विगचे उदाहरण घ्या. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने हा प्रदेश गमावला. १८६६ च्या प्रागच्या तहात उत्तर श्लेस्विगच्या जनतेचे मत घेण्याचे आश्वासन होते. पण १८७८ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते कलम परस्पर रद्द केले. मतदान झाले ते जर्मनी महायुद्धात हरल्यावर, १९२० साली. त्यासाठी प्रदेशाचे दोन पट्टे पाडण्यात आले. उत्तरेकडील पट्ट्याची मते एकत्र मोजली गेली आणि सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला पडली. त्या पट्ट्यातील टोंडर आणि सोंडरबोर्ग या गावांत जर्मनीच्या बाजूने बहुमत होते. तरीही ती डेन्मार्ककडे गेली. दक्षिणेकडील पट्ट्यात सुमारे ८० टक्के मते जर्मनीला मिळाली आणि तो जर्मनीतच राहिला. तीच मते गावागावाने मोजून रेघ ओढली असती तर सीमा निराळी झाली असती.

वरच्या सायलेशियात याच्या उलट पद्धत होती. तेथे २० मार्च १९२१ रोजी मतदान झाले. जर्मनीला सुमारे ७ लाख ७ हजार आणि पोलंडला ४ लाख ७९ हजार मते मिळाली. प्रदेशात जन्मलेल्या पण बाहेर राहणाऱ्यांनाही मताधिकार होता, आणि असे पावणेदोन लाखांहून अधिक मतदार, त्यांतील बहुतेक जर्मनीतून, मतदानासाठी आले. एकूण बेरीज जर्मनीच्या बाजूची. परंतु मोजणी गावनिहाय होती, आणि जर्मन शहरे व पोलिश खेडी एकमेकांत मिसळलेली. शिवाय जमिनीखाली कोळसा होता. पोलिश उठाव झाला, प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेले आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये प्रदेशाची फाळणी झाली. क्षेत्रफळाचा सुमारे एकतृतीयांश भाग पोलंडला मिळाला; त्यातच बहुतेक कोळशाच्या खाणी होत्या. जर्मनीला बहुमत देणारे कातोवित्से शहरही पोलंडकडे गेले. हा निर्णय जर्मनीने मनाने कधीच स्वीकारला नाही. पुढे १९३९ मध्ये पोलंडवरील आक्रमणासाठी जो बनावट हल्ल्याचा बहाणा रचण्यात आला, तो याच प्रदेशातील ग्लायवित्स येथे.

विचारलेला आणि न विचारलेला प्रश्न

घटकाइतकाच महत्त्वाचा असतो तो प्रश्न. सार प्रदेशाची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. व्हर्सायच्या तहानुसार सार पंधरा वर्षे राष्ट्रसंघाच्या कारभाराखाली होता आणि त्याच्या खाणी फ्रान्सकडे होत्या. जानेवारी १९३५ मध्ये तेथल्या जनतेपुढे तीन पर्याय ठेवले गेले: जर्मनी, फ्रान्स किंवा आहे तीच व्यवस्था. नव्वद टक्क्यांहून अधिक मते जर्मनीला पडली. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन दोन वर्षे होत आली होती. मतदारांनी जर्मन राष्ट्राला मत दिले की नाझी राजवटीला? मतपत्रिकेवर हा भेद करण्याची सोय नव्हती, आणि हिटलरने अर्थातच आपल्याला हवा तो अर्थ काढला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने सारला पुन्हा जर्मनीपासून वेगळे ठेवले. ऑक्टोबर १९५५ मध्ये, 'सारला युरोपीय दर्जा देणारी व्यवस्था मान्य आहे काय?' एवढेच जनतेला विचारण्यात आले. सुमारे ६८ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. जर्मनीत सामील होण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हताच. पण त्या 'नाही'चा अर्थ दोन्ही राष्ट्रांनी समंजसपणे ओळखला आणि १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीत आला. कौल शब्दशः न घेता त्यामागील इच्छा ओळखण्याचे हे शहाणपण दुर्मिळच म्हणावे लागेल.

गोव्याचा धडा

गोव्यातील जनमत कौल याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, आणि हा विलीनीकरणाचाच कौल आहे असे त्या पक्षाने व महाराष्ट्रातील नेत्यांनी गृहीत धरले. युनायटेड गोवन्स पक्षाला हे मान्य नव्हते. अखेर संसदेने कायदा केला, मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून दयानंद बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी 'फूल' आणि 'दोन पाने' या चिन्हांतून निवड केली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली.

महाराष्ट्रात त्या दिवशी अनेकांना धक्का बसला. पण खरा धडा त्यानंतर दोन महिन्यांनी मिळाला. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या पक्षाची मूळ मागणीच मतदारांनी फेटाळली होती, त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला त्यांनी ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. यात विसंगती नाही. जमीनदारांविरुद्ध कुळांची बाजू घेणारा, बहुजनांच्या शाळांसाठी झटणारा पक्ष म्हणून लोकांना तो हवा होता. त्याचे विलीनीकरण बहुसंख्यांना नको होते. सार्वत्रिक निवडणुकीत मतदार शेकडो गोष्टींची गोळाबेरीज करून एका चिन्हावर शिक्का मारतो. त्या शिक्क्यातून प्रदेशाच्या भवितव्याविषयीचे मत वेगळे काढता येत नाही.

घटकाचा प्रश्न गोव्यातही होताच. पेडण्यासारख्या उत्तरेकडील भागात विलीनीकरणाला बहुमत होते, तर सासष्टीत प्रचंड विरोध. मोजणी तालुकावार करून वाटणी करावयाची असती तर चिमुकल्या गोव्याचे तुकडे पडले असते. गोवा एकच घटक मानला गेला, हे शहाणपणाचेच झाले. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार देण्याची मागणीही मान्य झाली नाही. सायलेशियात नेमके उलट घडले होते. स्वतंत्र घटकराज्याचा पर्याय तर मतपत्रिकेवर नव्हताच. तरी ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले.

सीमाभागाला हेच माप

आता बेळगावकडे वळू. महाराष्ट्राची भूमिका अशी की खेडे हा घटक मानावा, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या पाहावी, आणि लोकेच्छेला मान द्यावा. पाटसकरांनी आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी हीच सूत्रे वापरली होती. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस केली, पण बेळगाव शहर कर्नाटकात ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, कर्नाटकाने उचलून धरला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यालाही दोन दशके उलटली.

महाराष्ट्राची सूत्रे मला न्याय्य वाटतात. पण सूत्र म्हटले की ते आपल्याला गैरसोयीच्या ठिकाणीही पाळावे लागते. खेडे हा घटक मानला तर सोलापूर-सांगलीकडील कन्नडबहुल गावांनाही तोच न्याय लागू होतो, आणि तशी काही गावे देण्याची तयारी महाराष्ट्राने दाखविली होती, हे त्याच्या भूमिकेचे बळ आहे. त्याचप्रमाणे, समितीच्या विजयांना आपण सार्वमत म्हणत आलो असू, तर तिच्या पराभवालाही तसेच म्हणण्याचा अधिकार प्रतिपक्षाला आपणच दिला आहे. यातून सुटण्याचा प्रामाणिक मार्ग एकच: यातले काहीच सार्वमत नव्हते, हे स्पष्टपणे सांगणे. बेळगावच्या मतदाराला, 'तुला कोठे राहावयाचे आहे?' हा प्रश्न मतपत्रिकेवर कोणी कधी विचारलेलाच नाही. रस्ते, पाणी, जात आणि पक्ष पाहून दिलेल्या मताला भाषेच्या प्रश्नाचा निकाल मानणे म्हणजे बाजारभावावरून पावसाचे अनुमान काढण्यासारखे आहे.

न्यायालयाचा निर्णय यावयाचा तेव्हा येईल. तोवर काय करावयाचे, याचे उत्तर पुन्हा श्लेस्विगमध्ये सापडते. १९२० ची रेघ निर्दोष नव्हती. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनी कोसळल्यावरही डेन्मार्कने ती हलविण्याचा आग्रह धरला नाही. १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन येथून दोन्ही सरकारांनी जाहीर केले की, आपण डॅनिश की जर्मन हे ज्याचे त्याने ठरवावे; सरकारने त्याची परीक्षा घेऊ नये. डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला प्रांतिक निवडणुकीत पाच टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली. पराभूत बाजूच्या माणसाला शाळा, भाषा आणि सन्मान मिळाल्यावर सीमेची धार बोथट झाली.

यासाठी आपल्याला परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद राज्यघटनेच्या ३५०अ कलमात १९५६ पासून आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद ३५०ब मध्ये आहे. बेळगावातील मराठी माणसाला सातबाराचा उतारा आणि सरकारी नोटीस त्याच्या भाषेत मिळावी, यासाठी सीमा बदलावी लागत नाही. अक्कलकोट किंवा जतमधील कन्नड मुलाला चांगली कन्नड शाळा मिळावी, यासाठी तर महाराष्ट्राला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ती शाळा आपण आपल्या हद्दीत नमुनेदार चालवून दाखविली, तर बेळगावच्या मराठी शाळेसाठी दिल्लीत आणि न्यायालयात बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.