नाणेघाटाचा इतिहास कोणाचा?

जुन्नरचा इतिहास म्हटला की तो शिवनेरीवर सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. १६३० च्या शिवजन्माने पावन झालेल्या त्या गडाविषयी आदर असलाच पाहिजे. परंतु राजे ज्या भूमीत जन्मतात, त्याच भूमीत माणसे राबतही असतात. त्यांचा इतिहास लिहावयाचा कोणी?

सोपारा व कल्याण या बंदरांतील माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. घाटमाथ्यावरील नागनिकेच्या ब्राह्मी शिलालेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणांची यादी आहे. ही संपत्ती आकाशातून पडली नव्हती. ओझी वाहणाऱ्या पाठींनी आणि नांगर धरणाऱ्या हातांनी ती निर्माण केली होती. त्यांची नावे त्या यादीत नाहीत.

जुन्नरभोवतालची लेणी मात्र अधिक प्रामाणिक आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद तेथे आहे. यवन दात्यांची नावे आहेत. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मादायाची रक्कम ठेव म्हणून सोपविल्याचाही उल्लेख आहे. ज्यांना आज आपण सहज 'बलुतेदार' म्हणून बाजूला सारतो, त्या कारागिरांच्या संघटना एके काळी समाजाच्या ठेवी सांभाळीत होत्या!

आणि पुढे काय झाले? इंग्रजी अमलात याच डोंगरपट्ट्यातील माणूस सावकाराच्या वहीत बंदिस्त झाला. आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगल्याने १८७३ पासून सावकारांविरुद्ध कोळ्यांचे बंड उभारले. सरकारने त्याच्या डोक्यावर एक हजार रुपयांचे इनाम लावले. जुलै १८७६ मध्ये तो पकडला गेला. दरम्यान १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करणे भाग पडले. तो कायदा कोणा साहेबाच्या दयाबुद्धीतून जन्मला नाही. सरकारी कागदांत मात्र होन्या दरोडेखोरच राहिला.

२०१८ साली शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. पर्यटनाने चार हातांना काम मिळेल, हे खरे, आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, पाहुण्याला दाखवावयाचे काय? केवळ तट आणि तोफा? ज्या आंबेगावावरून शेजारचा तालुका ओळखला जातो, ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या विस्थापितांची कहाणी कोणत्या फलकावर लिहिली जाणार?

हे काम सरकार आपण होऊन करणार नाही. कार्यकर्त्यांनीच वाड्यावस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपाव्यात, शाळांतून वेळूकारांच्या श्रेणीची व जांभोरीच्या बंडाची माहिती सांगावी, ग्रामसभांतून त्यांच्या फलकांची मागणी करावी. ज्या श्रमिकाला आपला भूतकाळ ठाऊक नसतो, त्याला आजची गुलामी हीच परंपरा वाटू लागते.