जोगेश्वरीचा चौक कुणाचा?

पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तो जोगेश्वरी पूर्वेचा चौक हे मुंबईच्या वाहतुकीचे एक दुखरे ठिकाण आहे. दहिसरकडून वांद्र्याकडे जाणारी वाहने, पवई-कांजूरमार्गकडून येणारी वाहने, सीप्झकडे धावणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या आणि स्थानकाकडे निघालेल्या रिक्षा या सर्वांचा भार हा एकच चौक वाहतो. या चौकाची सुधारणा व्हावी, याविषयी कुणाचेही दुमत नाही. सुधारणा झाल्यानंतर तो सांभाळायचा कुणी, हा प्रश्न मात्र दर पावसाळ्यात नव्याने उपस्थित होतो आणि तितक्याच नेमाने अनुत्तरित राहतो.

या प्रश्नाचे मूळ चौकाच्या रचनेतच आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य शासनाने मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन केले. महामार्ग तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाचा होता; पुढे तो मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे गेला. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे रुंदीकरण मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातून झाले. जागतिक बँकेने २००२ मध्ये मंजूर केलेल्या या प्रकल्पाचे समन्वयन एमएमआरडीएकडे होते, तर या रस्त्याचे प्रत्यक्ष काम रस्ते विकास महामंडळाकडे. आता महामार्गावरून मेट्रो ७ धावते आणि जोडरस्त्यावरून जाणारी मेट्रो ६ ही मार्गिकाही एमएमआरडीएच उभारत आहे. लगतचे रस्ते, पदपथ, पर्जन्य जलवाहिन्या आणि सिग्नलची यंत्रणा महापालिकेची. सिग्नल चालवणार वाहतूक पोलीस. थोडक्यात, एकाच चौकाचे अनेक थर आणि प्रत्येक थराचा धनी वेगळा. ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण अशाच कारभारासाठी जन्मली असावी.

बांधकाम आणि देखभाल यांत एक मूलभूत फरक आहे. बांधकामाला कर्ज मिळते, निविदा निघते, भूमिपूजन होते, उद्घाटन होते. देखभालीला यापैकी काहीच मिळत नाही. नागरी परिवहन प्रकल्पासाठी सुमारे एक लाख लोकांना आपली जागा सोडून अन्यत्र जावे लागले. पुनर्वसनातील त्रुटींवरून २००६ मध्ये जागतिक बँकेने काही महिने अर्थसाह्यही रोखले होते. इतकी किंमत मोजून रस्ता रुंद झाला. परंतु कर्जाचा प्रकल्प ठरल्या तारखेला संपतो, रस्ता त्यानंतरही झिजतच राहतो. पुढील वीस-तीस वर्षे त्याचा खर्च कोणत्या तिजोरीतून होणार, हे बांधकामाच्या वेळीच ठरवण्याची सवय आपल्या यंत्रणांना लागलेली नाही.

याचा परिणाम पावसाळ्यात दिसतो. चौकात पाणी तुंबले, तर ते महामार्गाच्या उतारामुळे तुंबले, मेट्रोच्या खांबांसाठी केलेल्या खोदकामामुळे तुंबले की जलवाहिनीतील गाळामुळे, यावर पत्रव्यवहार होऊ शकतो. खड्डा पुलाच्या उताराला पडला तर तो पुलाचा की रस्त्याचा, असाही वाद घालता येतो. केबलसाठी खोदलेला चर एका यंत्रणेच्या परवानगीने खणला जातो आणि दुसरीच्या हद्दीत खचतो. प्रत्येक उत्तर कागदोपत्री बरोबर असू शकते. मात्र या टोलवाटोलवीत खड्डा तसाच राहतो आणि दुचाकीस्वाराला तो चुकवताना मागून येणाऱ्या डंपरचा विचार करावा लागतो.

या गोंधळाची दखल उच्च न्यायालयाला घ्यावी लागली. खड्ड्यांसंबंधी २०१३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. याच विषयाच्या सुनावणीत २०२२ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्तांनी, शहरातील रस्ते अनेक यंत्रणांत विभागलेले असून ते सर्व महापालिकेकडे सोपवावेत, अशी भूमिका मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस पश्चिम आणि पूर्व हे दोन्ही द्रुतगती महामार्ग एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. नागरिकांच्या दृष्टीने हे पाऊल योग्य दिशेचे होते. तथापि, ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते. सुमारे ५० किलोमीटरच्या महामार्गांची जबाबदारी कायमची अंगावर घेताना तिच्या खर्चाची सभागृहात चर्चा होऊ शकली नाही, कारण सभागृहच अस्तित्वात नव्हते.

रस्ता हस्तांतरित होतो म्हणजे नेमके काय होते, हा खरा मुद्दा आहे. डांबराचा पृष्ठभाग गेला, पण त्यावरील जाहिरातफलकांचे उत्पन्न गेले का? उड्डाणपुलाच्या सांध्यांची आणि बेअरिंगची तपासणी कुणी करायची? कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी शिल्लक असेल, तर त्याच्याकडून काम करून घेण्याचा अधिकार नव्या धन्याला मिळाला का? मेट्रोच्या खांबांभोवतीचा दुभाजक कुणाचा? मुंबईच्या वेशीवरील पथकराचे समर्थन उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी म्हणून केले जात होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना त्यातून सूट मिळाली. वाहनधारकांना दिलासा मिळाला, हे खरेच. पण पुलांना झीज व्हायची थांबली नाही. उत्पन्न एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे अशी विभागणी झाली, की देखभाल ही कुणाच्याच अग्रक्रमावर राहत नाही.

ऑक्टोबर २०२५ मधील उच्च न्यायालयाच्या निकालाने या प्रश्नाला नवी धार आली आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. हे पैसे दोषी अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करण्याची मुभाही ठेवली. भरपाई ठरवण्यासाठी समित्या आहेत, परंतु रस्ता ज्या यंत्रणेचा त्यानुसार समिती बदलते. म्हणजे अपघातात घरातला कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाला आधी हे शोधावे लागेल, की तो ज्या जागी पडला ती जागा कुणाची. महामार्ग, पुलाचा उतार, मेट्रोचे काम आणि पालिकेचा रस्ता पन्नास पावलांत एकत्र येणाऱ्या चौकात या प्रश्नाचे उत्तर त्या कुटुंबाने द्यायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सर्व काही महापालिकेच्या गळ्यात घालावे, हा उपाय सोपा दिसतो. पण तो पुरेसा नाही. मेट्रोची बांधकामे एमएमआरडीएचीच राहणार आहेत आणि पुढील सुधारणाही बहुधा तीच यंत्रणा करील. ज्याने बांधले त्याला बांधकामातील दोषांपासून हात झटकू देणेही योग्य नव्हे. लंडनमध्ये २००० पासून महापौरांच्या अखत्यारीतील परिवहन संस्थेकडे शहरातील जेमतेम ५ टक्के, पण सर्वांत वर्दळीचे रस्ते आहेत. बाकीचे स्थानिक परिषदांकडे. तेथेही यंत्रणा अनेक आहेत. फरक इतकाच की कोणता रस्ता कुणाचा, हे जाहीर आहे.

जोगेश्वरीसाठीही असे करणे अवघड नाही. पुढील सुधारणेची निविदा काढण्यापूर्वीच संबंधित यंत्रणांनी लेखी करार करावा. त्यात चौकाचा नकाशा जोडून पूल, पृष्ठभाग, जलवाहिनी, सिग्नल, दिवे, पदपथ अशा प्रत्येक भागापुढे एकच नाव लिहावे. दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत जबाबदारी बांधणाऱ्याची, त्यानंतर ताबा घेणाऱ्याची आणि ताबा देताना संयुक्त पाहणी व देखभालीचा निधी बंधनकारक, अशी तरतूद असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तक्रार आली की महापालिकेने आधी दुरुस्ती करावी आणि खर्च नंतर ज्याचा त्याच्याकडून वळता करून घ्यावा. यंत्रणांमधला वाद हा हिशेबाचा असावा, खड्ड्याचा नसावा. हा नकाशा चौकातच फलकावर लावला, तर तक्रार कुठे करायची हे रिक्षाचालकालाही कळेल.

महापालिकेचा १८८८ चा कायदा सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे पालिकेचे अनिवार्य कर्तव्य मानतो. त्यानंतर शतकभरात रस्त्यांवर महामंडळे आणि प्राधिकरणे यांचे थर चढत गेले. हे थर आता खरवडून काढता येणार नाहीत. मात्र प्रत्येक थरावर त्याच्या धन्याचे नाव कोरता येईल. कोट्यवधी खर्चून चौक रुंद करण्याच्या तुलनेत हे काम जवळजवळ फुकटचे आहे. त्यासाठी लागतो तो फक्त जबाबदारी घेण्याचा निर्धार, आणि आजवर नेमका तोच कोणत्याही निविदेत दिसलेला नाही.