मूठभर खतामागचं बेट
या रविवारी गच्चीतल्या जास्वंदीला मूठभर सुपर फॉस्फेट घातलं आणि मन थेट पॅसिफिकमधल्या नाऊरूला जाऊन पोचलं. अवघं २१ चौरस किलोमीटरचं बेट. सकाळी सायकलवर निघालात तर जेवणाच्या आत प्रदक्षिणा पुरी! पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी इथलं फॉस्फेट मातीमोल भावानं नेलं. परक्यांची शेतं पिकली, बेटाच्या पठारावर मात्र चुनखडीचे सुळके उरले. पेरायला मातीच नाही. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या चिमुकल्या देशानं १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. स्वातंत्र्यानंतर नाऊरूनं स्वतःही खणणं चालू ठेवलं, हे खरं. पण म्हणून आधीच्यांचा हिशेब पुसला जात नाही. आता समुद्र चढतोय, वस्ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत, आणि मागे सरकायला जागा एकच, तेच ओरबाडलेलं पठार. ते पुन्हा राहण्याजोगं करून देणं ही दया नव्हे, थकबाकी आहे. ज्यांनी ती माती खाल्ली, त्यांनीच ही थकबाकी फेडली पाहिजे.